टेम्पोत चढवलेली मोटारसायकल आणि तिची जबाबदारी

रस्त्यात बंद पडलेली मोटारसायकल उचलून गॅरेजला नेताना तिचं जे नुकसान होतं, त्याची भरपाई कोणाकडून आणि कशी मागायची, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान आहे, पण ज्याचं पोट त्या गाडीवर चालतं त्याला तो लहान वाटत नाही. खंबाटकीच्या चढाला चेन तुटते, फोन केल्यावर दीड तासाने टेम्पो येतो, गाडी चढवली जाते आणि संध्याकाळी गॅरेजला पोचते तेव्हा टाकीला पोचा पडलेला असतो, आरसा तुटलेला असतो, हँडल एका बाजूला गेलेलं असतं. रस्त्यावरची मदत देणाऱ्या कंपनीला फोन केला की उत्तर येतं, "टेम्पो आमचा नाही, वेंडरचा आहे." टेम्पोवाला म्हणतो, "साहेब, गाडी अशीच होती." आणि बहुतेक माणसं इथेच थांबतात. आपल्याला काही सिद्ध करता येणार नाही, असं त्यांनी मनोमन धरलेलं असतं. माझं आजचं म्हणणं याच समजुतीविरुद्ध आहे. गाडी कशी मोडली, हे तुम्ही सिद्ध करायचंच नसतं. गाडी कोणत्या अवस्थेत दिली आणि कोणत्या अवस्थेत परत मिळाली, एवढं दाखवलंत की पुढचं उत्तर ताबा घेणाऱ्याने द्यायचं असतं.

आधी नुकसान होतं कसं ते पाहू, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. टेम्पोत मोटारसायकल उभी ठेवणं हे कौशल्याचं काम आहे. घाई असलेला माणूस हँडलच्या दोन टोकांना नायलॉनची दोरी बांधतो आणि करकचून ओढतो. त्या ताणाने हँडल वाकतं, क्लचची केबल दबते, दोरी टाकीवर नाहीतर फायबरवर घासून चरे पाडते. पुढचे शॉकॲब्सॉर्बर पार खाली दाबलेल्या अवस्थेत खड्ड्यांतून तासभर हिंदकळले, तर त्यांची ऑइल सील जाऊ शकतात, आणि हे नुकसान त्या दिवशी दिसतही नाही. दोनतीन दिवसांनी नळ्यांवर तेल दिसायला लागतं. काही जण गाडी साइड स्टँडवरच ठेवून बांधतात. मग प्रत्येक दचका त्या एका स्टँडवर आणि तो चौकटीला जिथे जोडला आहे तिथे बसतो. हँडल लॉक असलेली किंवा गिअरमधली गाडी फरफटत फळीवर चढवली तर टायर एकाच जागी घासतो. नीट रीत अशी आहे की पुढचं चाक समोरच्या फळीला भक्कम टेकवायचं, मऊ रुंद पट्टे हँडलच्या टोकांना न घालता त्याखालच्या 'टी'ला, म्हणजे हँडल आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर जोडणाऱ्या भागाला, घालायचे, मागून दोन्ही बाजूंनी ताण द्यायचा, स्टँड वर घ्यायचा आणि दोनचार किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा तपासायचे. यात महाग असं काही नाही. चार चांगले पट्टे आणि दहा मिनिटं जास्त, एवढंच लागतं. म्हणूनच या नुकसानीला अपघात म्हणायला मी तयार नाही.

आता कायदा. आपला करार कायदा १८७२ चा आहे. एका कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवायची आणि काम झालं की ती परत घ्यायची, या व्यवहाराचे नियम त्याच्या कलम १४८ पासून सुरू होतात. कलम १५१ सांगतं की ज्याच्या हाती वस्तू दिली, त्याने सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. 'तशाच' म्हणजे तेवढ्याच आकाराच्या, तशाच दर्जाच्या आणि तेवढ्याच किमतीच्या. सिमेंटची पोती बांधायला जी दोरी आणि जी काळजी पुरते, ती दीड लाखाच्या मोटारसायकलला पुरते असं म्हणता येत नाही, ते या तीन शब्दांमुळे.

आणि ही काळजी फुकट कामालाही लागू आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण "ही तर मोफत सेवा होती" हे उत्तर फार ऐकू येतं. फुकट कामातही काळजी हवी, या विचाराचं मूळ इंग्लंडमधल्या १७०३ च्या एका निकालात आहे. एकाने दुसऱ्याची ब्रँडीची पिंपं एका तळघरातून दुसऱ्या तळघरात नेऊन द्यायचं कबूल केलं. मोबदला काहीच ठरला नव्हता. निष्काळजीपणाने पिंपाला धक्का बसला आणि ब्रँडी वाया गेली. सरन्यायाधीश होल्ट यांच्या न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं. पैसे घेतले नव्हते, पण काम हाती घेतलं होतं, आणि तेवढं पुरेसं ठरलं. आपल्या कलम १५१ ने तर मोबदला असो-नसो, सगळ्यांना एकच माप लावलं आहे. शिवाय विम्यासोबतची रस्त्यावरची मदत फुकट नसतेच. तिची किंमत हप्त्यात धरलेली असते किंवा वेगळी भरलेली असते.

पुराव्याचा भार कोणावर, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये फार स्पष्ट दिलं. दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने मारुती झेन गाडीची चावी हॉटेलच्या माणसाकडे दिली. गाडी चोरीला गेली. हॉटेलने पार्किंगच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं, तिच्यावर गाडी मालकाच्या जोखमीवर असल्याचं छापलेलं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. गाडी ताब्यात घेतली आणि परत देता आली नाही, तर आपण योग्य काळजी घेतली होती हे ताबा घेणाऱ्याने आधी दाखवावं, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी हॉटेलला अशा छापील ओळीने झटकता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तो खटला हॉटेलचा होता, टेम्पोचा नव्हता, हे मान्य. पण चावी दुसऱ्याच्या हातात गेल्यावर मालक काहीच करू शकत नाही, जे काय घडलं ते फक्त ताबा घेणाऱ्यालाच माहीत असतं, हा त्यामागचा विचार टेम्पोत चढवलेल्या गाडीला तंतोतंत लागतो. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात "वाहतुकीतील नुकसानीस कंपनी जबाबदार नाही" असं वाचून गप्प बसू नका.

पण हे सगळं एका गोष्टीवर टिकून आहे: गाडी दिली तेव्हाची अवस्था. ती दाखवता आली नाही, तर "अशीच होती" या वाक्याला उत्तर उरत नाही. टेम्पोवाल्याने हात लावण्याआधी मोबाइलवर गाडीभोवती एक फेरी मारून सलग व्हिडिओ घ्या. दोन्ही बाजू, टाकी, हँडल, आरसे, इंडिकेटर, सायलेन्सर, मीटरवरचा किलोमीटरचा आकडा आणि शेवटी टेम्पोची नंबरप्लेट. बांधून झाल्यावर बांधणीचा एक फोटो घ्या; हा फोटो सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत कधी-कुठे काढला याची नोंद राहत नाही.

अपघातानंतर गाडी उचलली जात असेल तर काम अवघड होतं, कारण एकाच गाडीवर दोन नुकसानी एकमेकींत मिसळतात. उजव्या अंगावर पडलेल्या गाडीचा उजवा फूटरेस्ट आणि उजवा आरसा गेला असणार. पण डावीकडचा चरा आणि मागच्या मडगार्डावरचा दोरीचा वळ पडण्याने येत नाही. हे वेगळं करून सांगणारं, तारीख आणि सही असलेलं मेकॅनिकचं लेखी मत घ्या. बदललेले सुटे भाग भंगारात देऊ नका, एका पोत्यात बांधून ठेवा. आणि आपलंही एक कर्तव्य आहे. कलम १५० प्रमाणे वस्तूतला माहीत असलेला धोकादायक दोष आपण सांगायला हवा. पुढचा ब्रेक लागत नाही, टाकी गळते, हे सांगितलं नाही आणि त्यामुळे चढवताना काही घडलं, तर ते आपल्यावर येतं.

परत घेताना घाई करू नका. ओटीपी दिला की त्यांच्याकडे "काम पूर्ण" अशी नोंद होते, म्हणून आधी गाडी बघा, मग ओटीपी द्या. पावतीवर सही मागितली तर सहीच्या वर दिसलेलं नुकसान लिहा; अंधार असेल तर "गाडी उजेडात तपासायची आहे" एवढं तरी लिहा. तुमच्या पश्चात गाडी गॅरेजला पोचणार असेल तर गॅरेजवाल्याला आधी फोन करा. जॉबकार्डवर गाडी आत घेतानाची अवस्था लिहायची जागा असते, आणि तिथली तिऱ्हाइताची नोंद तुमच्या शब्दापेक्षा जड ठरते.

पैसे कोणाकडे मागायचे? ज्याच्याशी व्यवहार केला आणि ज्याला पैसे दिले, त्या कंपनीकडे, आणि सोबत टेम्पोमालकाकडेही. वेंडर कोण निवडायचा हे कंपनीने ठरवलं, तुम्ही नाही. इथे एक गैरसमज दूर करतो. "टेम्पोचा थर्ड पार्टी विमा आहे, त्यातून घ्या" असं पुष्कळदा सुचवलं जातं. त्या विम्यात सहसा विमाधारकाच्या ताब्यात असलेली मालमत्ता वगळलेली असते, आणि टेम्पोत चढवलेली तुमची गाडी त्या वेळी त्याच्या ताब्यातच असते. त्या दारात महिने घालवू नका.

तुमच्या स्वतःच्या विम्याचं दार मात्र उघडं असू शकतं. मोटार विम्याच्या प्रमाण पॉलिसीत, स्वतःच्या नुकसानीच्या भागात, रस्त्याने, रेल्वेने किंवा अंतर्गत जलमार्गाने वाहून नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हे मिळत नाही. दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवायचं आणि सर्व्हेअरला गाडी दाखवायची. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर साधारण ५० टक्के घसारा कापला जातो, हे धरून चाला. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, म्हणजे बोनस, जाईल म्हणून पुष्कळ जण दावाच करत नाहीत. त्यांनी आकडा मांडून बघावा. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १,००० रुपये आणि बोनस ५० टक्के असेल, तर दाव्यानंतर बोनस शून्यावरून २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० वर येईपर्यंत, हप्ता तोच राहिला असं धरून, पाच वर्षांत मिळून १,२५० रुपये जास्त जातात. दुरुस्ती ९,००० ची असेल तर भीतीत अर्थ नाही, १,५०० ची असेल तर आहे. विम्यातून मिळालेली रक्कम टेम्पोकंपनीकडून पुन्हा मागता येत नाही, पण कापला गेलेला घसारा आणि इतर खर्च मागता येतो.

मागणी किती करायची? दुरुस्तीचं बिल, पुन्हा उचलून नेण्याचं भाडं, दरम्यानच्या प्रवासाचा वाजवी खर्च. बुडालेल्या कमाईचा प्रश्न खोल आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या एका गिरणीचा तुटलेला दांडा नमुन्यासाठी पोचवायला वाहतूकदाराकडे दिला होता. त्याने उशीर केला आणि गिरणी बंद पडून राहिली. १८५४ च्या त्या निकालात गिरणीचा बुडालेला नफा नाकारला गेला, कारण दांड्यावाचून गिरणी बंद राहील हे वाहतूकदाराला गृहीत धरता येण्यासारखं नव्हतं. तोच विचार आपल्या करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये आहे. म्हणून घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलांना मी पुनःपुन्हा सांगतो: मदतीसाठी पहिला फोन कराल तेव्हाच सांगा की माझी रोजी या गाडीवर आहे, आणि तेच लगेच मेसेज करून ठेवा. मग त्या दिवसांच्या कमाईची नोंद ॲपमधून काढून मागणीला जोडता येते.

नो-पार्किंगमधून पोलिसांनी उचललेली गाडी हे वेगळं प्रकरण. तिथे आपण सेवा विकत घेतलेली नसते, त्यामुळे ग्राहक आयोग सहसा कामाचा नाही. दिवाणी न्यायालय, आणि सरकारविरुद्ध दावा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस. पण सरकारी ताबा म्हणून काळजीतून सुटका होत नाही. जप्त केलेल्या वाहनांबद्दल गुजरात सरकारविरुद्धच्या १९६७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करार नसला तरी ताबा घेणाऱ्या सरकारवर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते.

खासगी कंपनीविरुद्ध मात्र ग्राहक आयोग हाच रस्ता. आधी लेखी मागणी, ईमेलने आणि स्पीड पोस्टने, रक्कम आणि १५ दिवसांची मुदत घालून. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली तर काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीतर जिल्हा आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते; गाडी साताऱ्याजवळ मोडली आणि तुम्ही बीडचे असाल तर बीडला. मुदत दोन वर्षं. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. निकाल लांबतात हे खरं आहे, आणि तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगत असताना ते लांबावेत याचं मला दुःख आहे. पण तुमच्या बाजूने आदेश झाल्यावर कंपनीला राज्य आयोगाकडे अपील करायचं असेल तर ते ४५ दिवसांत करावं लागतं आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. नऊ हजारांच्या आदेशासाठी हे करण्यापेक्षा बऱ्याच कंपन्या पैसे देतात. नाही दिले, तर त्याच आयोगाकडे या कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करता येतो. कलम ७२ मध्ये किमान एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.