निदारोसचा आर्चबिशप

नॉर्वेमधील आजचे ट्रॉन्डहाइम नगर मध्ययुगात निदारोस म्हणून ओळखले जाई. संत ओलाफ या राजाचे अवशेष तेथे असल्याने यात्रेकरूंची रीघ लागे. ११६१ मध्ये तेथील आर्चबिशपपदी ऐस्टेन एर्लेंडसन आला. पूर्वी तो इंगे राजाच्या पदरी पुरोहित होता; दरबारी व्यवहार त्याला नवखा नव्हता.

तेव्हा राजाचा कोणताही पुत्र, औरस असो वा अनौरस, गादीवर हक्क सांगे आणि यादवी माजे. एर्लिंग नावाच्या बलाढ्य सरदाराला आपला मुलगा माग्नुस गादीवर हवा होता. माग्नुसची आई राजकन्या होती खरी. पण बाप राजा नव्हता. ऐस्टेनने धर्मपीठाला मिळणारे दंड चोख चांदीत आकारून दुप्पट करून घेतले होते. हे कायद्याला धरून आहे काय, असे एर्लिंगने विचारताच, ज्याचा बाप राजा नव्हता त्याला राजा करणे तरी कोठे कायद्यात बसते, असा त्याचा उलट सवाल होता. सौदा जुळला. ११६३-६४ च्या सुमारास बर्गेन येथे सात-आठ वर्षांच्या माग्नुसला राज्याभिषेक झाला. स्कँडिनेव्हियातील हा पहिलाच राज्याभिषेक. राजमुकुट आता धर्मपीठाच्या हातून मिळू लागला!

परंतु फेरो बेटांत वाढलेला स्वेरे आपण राजपुत्र असल्याचे सांगत पुढे आला. तोही दीक्षा घेतलेला पुरोहितच! ११७९ मध्ये निदारोस येथे एर्लिंग पडला. पुढच्या वर्षी ऐस्टेनने इंग्लंडचा आश्रय घेतला. बरी सेंट एडमंड्सच्या मठाचे प्रमुखपद तेव्हा रिकामे होते. राजाज्ञेने त्याला त्या मठाधिपतीच्या निवासात जागा आणि रोज दहा शिलिंग मिळत.

११८३ मध्ये तो स्वेरेशी समेट करून परतला. पुढल्याच वर्षी माग्नुस लढाईत मारला गेला. ज्याच्या मस्तकावर मुकुट ठेवला तो गेला. ज्याला विरोध केला त्याच्या राज्यात पीठ सांभाळायचे, हे सोसणे सोपे नव्हते. कॅथीड्रलचे बांधकाम मात्र त्याने हाती घेतले होते.

२६ जानेवारी ११८८ रोजी ऐस्टेनचे निधन झाले. मृत्युशय्येवर राजाने व त्याने परस्परांना क्षमा केली, असे स्वेरेच्या चरित्रगाथेत येते. त्या गाथेचा आरंभीचा भाग खुद्द स्वेरेच्या देखरेखीखाली लिहिला गेला होता, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. मृताची बाजू सांगणारे कोणी तेथे नव्हते. १२२९ मध्ये निदारोसच्या धर्मसभेने ऐस्टेनला संत म्हणून घोषित केले.