पक्षाघातानंतर कोणता हात पुढे येतो?

(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वधूवरसूचक मंडळ व इमारत-निधी यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. तो मोडून आम्ही आज आमच्या घरातील एका दुखण्याविषयी बोलणार आहोत, याबद्दल क्षमा असावी.

तीन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंना पक्षाघाताचा झटका आला व उजवे अंग लुळे पडले. चार महिन्यांत हात बराच सावरला. दवाखान्यात व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी सांगताच ते उजव्या हाताने पेला उचलून दाखवीत. घरी मात्र तोच हात मांडीवर पडून असे व पाण्यासाठी डावा पुढे येई. आम्ही यास आळस समजलो. एकदोनदा टाकूनही बोललो. तो आमच्याकडून अन्याय झाला.

हाताला येणे आणि हाताने करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १८९५ साली इंग्लंडात मॉट व शेरिंग्टन यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडून पाहिल्या. हालचालीच्या नसा शाबूत असूनही माकडांनी तो हात वापरणे सोडले. पुढे अमेरिकेत एडवर्ड टाउब यांना असे आढळले की, चांगला हात बांधून ठेवला तर माकड तोच टाकलेला हात कामाला लावते. (त्यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या हालांवरून १९८१ साली खटला उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे.) टाउब यांची उपपत्ती अशी : आरंभी दुबळ्या हाताने केलेला प्रत्येक यत्न फसतो आणि चांगल्या हाताचा साधतो. हा धडा मेंदू गिरवितो. पुढे बळ परतले तरी धडा पुसला जात नाही. पेल्याकडे हात जाण्यापूर्वी श्रमाचा व यशापयशाचा हिशेब क्षणार्धात होऊन गेलेला असतो. रोग्यास त्याची जाणीवही नसते.

यावरून जो उपचार निघाला त्यात चांगल्या हातात जाड मोजा घालून दुबळ्याकडून रोज कित्येक तास कामे करवून घेतात. अमेरिकेत २२२ रोग्यांवर याची परीक्षा झाली. झटक्यास तीन ते नऊ महिने झालेले हे रोगी होते. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवड्यांच्या या उपचाराचा लाभ वर्षानंतरही टिकून होता. मात्र मनगट व बोटे थोडी तरी उचलता येत असतील त्यांच्यासाठीच हा मार्ग आहे. झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत याचा अतिरेक केल्यास उलट तोटा संभवतो, असे २००९ सालच्या एका लहान परीक्षेत दिसले. तेव्हा घरच्या घरी कोणी हात बांधू नये. जिना व चूल यांपाशी तर मुळीच नको.

आपल्या घरांत या हिशेबात आणखी एक आकडा मिळतो. प्रसाद उजव्या हाताने घ्यावयाचा, जेवावयाचे उजव्यानेच. उजवा दुबळा झालेला मनुष्य पंगतीत डावा हात पानात घालण्यास लाजतो आणि मग दुसऱ्याने भरविणे पत्करतो. डावा दुबळा झाला तर उलटच! जेवण, सही, नमस्काराचा पहिला हात, सारे नीट चालते. डावा हात निकामी बसून आहे हे घरातल्या कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आणि आमची सेवा! वहिनी सदऱ्याची बटणे लावीत, सूनबाई भात कालवून देत, आम्ही वर्तमानपत्राचे पान उलटून देत होतो. एका बटणास त्यांना पाच मिनिटे लागत, आम्हांस तेवढा धीर नव्हता. त्या पाच मिनिटांतच हाताची शाळा होती, ती आम्ही प्रेमाने बंद केली. आता बटणे तेच लावतात. गळपट्टीचे अजून साधत नाही.

आज दुपारच्या भोजनास ते येणार आहेत. वाढणाऱ्या मंडळींस आमची विनंती आहे की, त्यांच्या पानावर वरणभात वाढावा, पण कालवून देऊ नये. आणि त्यांचे जेवण होईपर्यंत पंगत उठवू नये.