आमच्या पिशवीतली सुरी

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावातून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आमच्यात मासळी विकणाऱ्या आहेत, आंब्याच्या बागेत कामाला जाणाऱ्या आहेत, काजूगर काढणाऱ्या आहेत, घरी आमसुलं आणि पापड करणाऱ्याही आहेत. कामं वेगवेगळी, पण एक वस्तू बहुतेक सगळ्यांच्या पिशवीत सापडते. छोटी सुरी. कुणी तिला चाकू म्हणतं. आज तिच्याबद्दल बोलायचं आहे.

चाकू म्हटलं की पुष्कळांना सिनेमातला रामपुरी आठवतो. खटकन उघडणारा, अंगावर येणारा. आमची सुरी तशी नव्हे. चार बोटांएवढं पातं, काजूच्या चिकाने काळी पडलेली मूठ, मुठीला गुंडाळलेला लाल दोरा. दिवसाकाठी तिने काय काय होतं ते मोजून बघा. सुतळी कापायची, केळीचं पान उतरायचं, मासळीच्या टोपलीचं बांधलेलं तोंड मोकळं करायचं, जाळ्यात अडकलेला नायलॉनचा धागा तोडायचा, कोकम फोडायचं, दुधाची पिशवी कापायची आणि दुपारी सावलीत बसून एक आंबा चौघींत वाटायचा.

पुरुषमाणूस कामाला निघाला की कमरेला आकडी आणि आकडीला कोयती, हे कोकणात सगळ्यांनी पाहिलंय. त्यात कुणाला नवल वाटत नाही. बाईच्या पिशवीतून सुरी निघाली की मात्र कुणीतरी हसून म्हणतं, "कोणाला मारायला निघालीस गो?" अहो, पण धारेची वस्तू जवळ बाळगणं आपल्याला नवं कुठे आहे? आमच्या आज्या कमरेला चंची खोचायच्या. तिच्या एका कप्प्यात पान, एकात चुना, एकात सुपारी, आणि सोबत अडकित्ता. मूल जन्मलं की पाचवीच्या पूजेत विळा-कोयता मांडायचा, हेही घरच्या बायकाच बघतात. तेव्हा धार आपल्या हातातलीच आहे. फक्त साडीला खिसा नाही, म्हणून ती कनवटीला नाहीतर पिशवीत जाते आणि दिसत नाही.

हा विषय निघाला तो ओल्या काजूगरांच्या हंगामाआधी. गटाच्या बैठकीत सूचना आली की दहा सुऱ्या एकदम घेऊ, स्वस्त पडतील, एका डब्यात ठेवू, ज्या दिवशी जी येईल तिने एक उचलावी. हिशेबाने सूचना चांगली होती. पण बहुतेक जणी म्हणाल्या, "डबा नको. आमची सुरी आमच्याकडे असू दे." मग आम्ही एकेकीला विचारलं, का गं?

पहिलं कारण हाताचं निघालं. ओला काजू चिरायचा म्हणजे हिरवी बी एका हातात घट्ट धरून उभी चिरायची आणि आतला गर न मोडता काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून हाताला खोबरेल नाहीतर राख लावावी लागते. म्हणजे हात आधीच निसरडा. त्यात मूठ जाड असली तर लहान हाताच्या बाईची बोटं पुरत नाहीत. मूठ बारीक असली तर मोठ्या हातात ती फिरते. दिवसभर शेकडो बिया चिरायच्या असतात. आपल्या मापाची चप्पल लागते, तशी आपल्या मापाची सुरीही लागते.

आमच्यातली एक डावखुरी आहे. तिने सांगितलं ते आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मिटणाऱ्या चाकूच्या पात्यावर नख अडकवून उघडायला जी खाच असते, ती बहुधा उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या सोयीने एकाच बाजूला असते. तिला तो चाकू प्रत्येक वेळी उलटा धरून उघडावा लागे. म्हणून ती न मिटणारी सुरी वापरते आणि तिला पोफळीच्या विरीचं म्यान शिवते.

दुसरं कारण धारेचं. प्रत्येकीची धार लावायची रीत वेगळी. एक जण सहाणेवर चार हात मारते, दुसरी नदीचा गुळगुळीत दगड जपून ठेवते. डब्यातली सुरी सगळ्यांची, म्हणजे तिच्या धारेची काळजी कुणाचीच नाही. आणि बोथट सुरी जास्त कापते, हे काम करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरतं, आणि घसरलं की बोटावर येतं.

तिसरं कारण आठवणीचं. एकीची सुरी तिच्या आईची आहे. झिजून झिजून पातं निम्मं राहिलंय. गावच्या लोहाराकडून ती दोनदा शेवटून घेतली. लोहार म्हणाला, "आता नवी घ्या." तिने नवी घेतलीही. पण आमसुलांच्या दिवसांत ती आईचीच काढते. कोकमाच्या आंबटाने ती काळीकुट्ट झाली आहे, तरी तिच्यासारखी दुसरी नाही, असं ती म्हणते.

चौथं कारण ऐकलं तेव्हा बैठकीत सगळ्याच गप्प झालो. आमच्यातली एक म्हणाली, "घरात विळी सासूची, कोयती नवऱ्याची. मला काही कापायचं झालं की आधी विचारायचं, मग शोधायचं, मग जागेवर ठेवलं का म्हणून ऐकून घ्यायचं. गटाचे पैसे हातात आले तेव्हा पहिली वस्तू मी सुरी घेतली. आता मला दरवेळी मागावं लागत नाही."

मैत्रिणींनो, आमच्या मते सगळ्या कारणांचं मूळ इथे आहे. ज्याच्या हातात स्वतःचं हत्यार, त्याला आपण कामगार म्हणतो. गवंड्याची थापी त्याची, सुताराचा रंधा त्याचा. बाई मात्र घरचं उचलून काम करते, म्हणून तिचं काम घरचं धरलं जातं, मोजलं जात नाही. थोड्याशा रुपयांची सुरी, पण ती आपण निवडली, आपण विकत घेतली, आपण धार लावली, तर "हे माझं काम आहे" असं बाई स्वतःलाच सांगते. डब्याची सूचना आम्ही सोडून दिली. गटाने पैसे आगाऊ दिले आणि जिने तिने आपल्या हाताची सुरी घेतली.

आपण आपल्या हाताने वस्तू निवडायची, ही गोष्ट जगात सगळीकडे आहे. स्वित्झर्लंडचा लाल मुठीचा चाकू तुमच्यापैकी कुणी मुंबईच्या पाहुण्याकडे पाहिला असेल. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने 1891 मध्ये तिथल्या सैनिकांना असे चाकू पुरवायला सुरुवात केली. लढाईसाठी नव्हे. सैनिकाला बंदुकीचे स्क्रू काढायचे असत आणि जेवणाचे डबे फोडायचे असत, म्हणून एकाच मुठीत पातं, स्क्रू फिरवायची पट्टी, डबा उघडणी आणि टोचा. पुढे 1909 मध्ये त्याची आई वारली, तेव्हा त्याने आपल्या मालाला तिचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. न गंजणारं पोलाद आल्यावर त्याला 'इनॉक्स' हा शब्द जोडला आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं. जगभरच्या खिशांत फिरणाऱ्या चाकवावर एका आईचं नाव आहे, हे ऐकून आम्हाला बरं वाटलं.

आता निवडायचं कसं? आमच्या अनुभवातलं सांगतो.

मासळीचं काम असेल तर मिटणारा चाकू घेऊ नका. खवलं, रक्त आणि खारं पाणी सांध्यात जातं, तिथे गंज धरतो आणि वास जात नाही. सरळ पात्याची, न मिटणारी सुरी घ्या आणि तिला म्यान करा. आमच्या खारट हवेत साधं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून मासळीला स्टेनलेस बरं. पण स्टेनलेसला घरी धार लावायला वेळ लागतो, हे धरून चाला. बागेच्या आणि काजूच्या कामाला लोहाराने पाणी दिलेलं साधं पोलाद आम्हाला आवडतं. दगडावर दोन हात मारले की धार येते. काम झालं की पुसायचं आणि खोबरेलाचं बोट फिरवायचं, एवढीच त्याची सेवा. फणस कापायच्या आधीही पात्याला तेल लावा, म्हणजे चीक धरत नाही.

मिटणारा चाकू प्रवासाला, बाजाराला सोयीचा. पण घेताना पातं उघडून बघा, ते उघडं असताना अडकून राहतं का. न अडकणाऱ्या चाकवाने काही टोचायला जाऊ नका. तो आपल्याच बोटांवर मिटतो. मूठ गुळगुळीत प्लास्टिकची असेल तर तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा. आणि मुठीला भडक रंगाचा दोरा बांधा. गवतात पडलेली सुरी डोळ्यांना आधी सापडावी, पायाला नको.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, "आम्ही सुरी ठेवतो ती भीतीने." पहाटे काळोखात मासळीसाठी बंदराकडे जायचं, वाटेवर दिवा नाही. ही भीती खोटी नाही. 2012 च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत जे घडलं, त्यानंतर 2013 च्या जानेवारीत मुंबईत शिवसेनेने बायकांना छोटे चाकूही वाटले होते. आम्ही यावर खूप बोललो. सुरी पिशवीच्या तळाला असते, वर टोपली, फडकं, डबा. वेळेला ती हाताला लागेल याची खात्री नाही. लागली तरी समोरच्याच्या अंगात जोर जास्त असेल तर तो ती हिसकावून आपल्यावरच चालवू शकतो. म्हणून आम्ही त्या दोघींना सुरी टाकून दे असं म्हटलं नाही. म्हटलं, सुरी कामासाठी ठेव, वाटेसाठी आम्ही आहोत. आता पहाटे कुणी एकटी निघत नाही. एकीच्या दारात दुसरी थांबते, बॅटरी असते, फोनमध्ये 112 आणि महिलांसाठीचा 181 हे नंबर सगळ्यांना पाठ आहेत. वाटेवर दिवा मिळावा म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्जही दिला आहे.

कायद्याचंही विचारून घेतलं. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम यांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे. घरकामासाठी, शेतीसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आमच्या सुऱ्या त्याच्या जवळपासही नाहीत. पण सणासुदीला, निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू, सुरे, लाठ्या घेऊन फिरायला बंदी असते. तेव्हा मोर्चाला, सभेला, जत्रेच्या गर्दीला जाताना सुरी घरी ठेवा. कोर्टात आणि मोठ्या कचेऱ्यांतही नेऊ नका. विमानाने जायचा योग आला तर ती हातातल्या पिशवीत नको, आत जाणाऱ्या बॅगेत घाला.

आणि बोट कापलंच तर? हळद, तंबाखू, चुना काही भरू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा, हात वर ठेवा. समुद्राच्या पाण्यात किंवा मासळी साफ करताना झालेली जखम लवकर चिघळते. ती लहान दिसली तरी आरोग्य केंद्रात दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगा. हंगामात एक बोट बांधून बसलं की आठवड्याची मजुरी जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

सुरी दुसरीच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी, नाहीतर भांडण होतं, असं जुन्या बायका म्हणायच्या. भांडणाचं माहीत नाही, पण बोटं मात्र शाबूत राहतात. तेवढं पाळा. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी उंच जागाही तिला नेमून द्या.

शेवटी एक विनंती. खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा होते. कोयती मांडतात, पहार मांडतात, हल्ली गाडीलाही हार घालतात. यंदा त्या पाटावर तुमची सुरीही ठेवा. आदल्या दिवशी तिला धार लावा, तेल लावा, मुठीचा दोरा बदला. कुणी विचारलं की ही कुणाची, तर सांगा, माझी. आणि अजून स्वतःची घेतली नसेल, तर पुढच्या बाजाराला दुकानात चार सुऱ्या हातात धरून बघा. जी हातात नीट बसेल ती तुमची.

येतो आम्ही. नमस्कार.