चोर जन्माला येत नाही



चोरी करणारे मूल आधी, की त्याला चोर ठरवणारा समाज आधी? इंग्लंडमधील एका तरुण लेखकाने हा प्रश्न १८३७ साली वाचकांपुढे ठेवला. चार्ल्स डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी फेब्रुवारी १८३७ पासून एप्रिल १८३९ पर्यंत एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. वडील कर्जापायी तुरुंगात गेले त्याच सुमारास, बाराव्या वर्षी त्याला बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबले चिकटवावी लागली होती. दारिद्र्य आणि गुन्हा यांतील अंतर किती थोडे असते, हे तो पुस्तकातून शिकला नव्हता.

१८३४ च्या नव्या गरीब कायद्याने इंग्लंडमध्ये मदतीची किंमत वाढवली. निराधाराने अनाथालयवजा कामघरात यावे, नवरा-बायकोने वेगळे राहावे, पातळ पेजेवर जगावे आणि पुन्हा मदत मागण्याची हिंमतच करू नये, असा त्या व्यवस्थेचा हेतू होता. कामघराने ज्या शवपेटीवाल्याकडे उमेदवारीला धाडले, त्याच्याकडून पळालेल्या उपाशी ऑलिव्हरला वाटेत पोटभर जेवू घालतो तो जॅक डॉकिन्स, म्हणजेच ‘आर्टफुल डॉजर’ हा पाकीटमार पोरगा. तो त्याला लंडनमध्ये फॅगिनकडे नेतो. म्हातारा फॅगिन खिशात रुमाल, घड्याळ, तपकिरीची डबी ठेवून खोलीत फिरतो आणि मुले त्या वस्तू अलगद काढून घेतात. चोरीचे हे शिक्षण पाहून ऑलिव्हर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो. सरकारी कामघरात ज्याला कोणी हसवले नाही, त्याला चोरांच्या बिऱ्हाडात हसू येते. गुन्ह्याची शाळा पोराला ओढते, कारण बाकीच्या शाळांनी त्याला आधीच बाहेर काढलेले असते.

मात्र याच कादंबरीत एक मोठी विसंगती आहे. ऑलिव्हर चोरांत राहूनही निष्कलंक राहतो, त्याची भाषासुद्धा भद्र लोकांची असते आणि शेवटी तो चांगल्या घराण्याचा निघतो. डॉजरला घराणे नाही. एका तपकिरीच्या डबीसाठी त्याला काळ्या पाण्यावर, ऑस्ट्रेलियात पाठवले जाते. न्यायालयात तो ऐटीत हक्कांची भाषा बोलतो, वाचक हसतात आणि त्याला विसरतात. चार्ली बेट्स सुधारतो, पण तोही कथेच्या अखेरीस, दोन ओळींत. परिस्थिती माणूस घडवते असे सांगणाऱ्या लेखकाने आपल्या नायकाला मात्र रक्ताच्या भरवशावर वाचवले.

पुढच्या काळातील रूपांतरांनी या अन्यायाची आपापल्या परीने भरपाई केली. १९६० च्या संगीतनाटकात आणि त्यावरून निघालेल्या १९६८ च्या चित्रपटात डॉजर हाच प्रेक्षकांचा लाडका ठरला. चित्रपटाच्या अखेरीस तो आणि फॅगिन हातात हात घालून नव्या सकाळीकडे चालू लागतात. २०२३ च्या एका ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी मालिकेत तर तो चक्क शल्यविशारद झाला आहे. चोराच्या बोटांतील कौशल्य दुसऱ्या कामालाही येऊ शकते, हे समजावयास सुमारे एकशे पंच्याऐंशी वर्षे लागली.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. डिकन्सने फॅगिनचा उल्लेख पदोपदी ‘यहुदी’ असा केला. एका व्यक्तीच्या दुष्कृत्याचा डाग सगळ्या समाजावर पडला. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या यहुदी बाईंनी त्याला पत्र लिहून याचा जाब विचारला. डिकन्सने आधी सारवासारव केली, पण १८६७ च्या आवृत्तीत त्याने तो शब्द अनेक ठिकाणी गाळला. तरीही डाग पुसला गेला नाही. १९४८ च्या डेव्हिड लीनच्या चित्रपटात फॅगिनचे नाक इतके विद्रूप दाखवले होते, की १९४९ मध्ये बर्लिनमध्ये त्याविरुद्ध दंगल उसळली आणि अमेरिकेतील प्रदर्शन १९५१ पर्यंत रखडले. छळछावण्यांची राख अजून निवली नव्हती. जमातीवर मारलेला शिक्का किती खोल जातो, हे त्या प्रेक्षकांना पुस्तक वाचून कळावयाचे नव्हते.

हा सगळा विचार बारामती आणि इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी का करावयाचा? कारण इंग्लंडमध्ये जे कादंबरीकाराच्या हातून घडले, ते येथे सरकारने कायदा म्हणून केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. कादंबरीकार राज्यकारभाराविषयी लोकांचा गैरसमज करून देतात, असा आरोप करून डिकन्सवर १८५७ मध्ये कडाडून टीका करणारे ते हेच गृहस्थ. कल्पित कथेतील अतिशयोक्ती त्यांना खपली नाही. मात्र त्यांच्याच कारकिर्दीत, वंशाने चोर असतो ही त्याहून मोठी कल्पित कथा राजपत्रात छापली गेली.

१८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ मध्ये कायद्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात वाढवण्यात आली आणि मुंबई इलाखाही त्याखाली आला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड कुटुंबे राहत, हजेरी देत आणि गिरण्यांत राबत. डॉजरला निदान एकदा तरी न्यायाधीशापुढे उभे करण्यात आले होते. येथील मुलाला तेवढाही मान नव्हता. त्याचा गुन्हा त्याच्या जन्माच्या नोंदीतच लिहिलेला होता.

पारधी हे फासे लावून शिकार करणारे लोक. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून या तालुक्यांत फिरले आणि त्याच्या बळावर पुढे उसाचे मळे व साखर कारखाने उभे राहिले. ज्या माळरानावर हरीण चरत होते, त्यातले बरेच रान नांगराखाली गेले. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आजही दिसते. मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हाच गुन्हा झाला. हरणाला अभयारण्य मिळाले हे योग्यच झाले. पण ज्याचा फासा काढून घेतला, त्याला त्याच्या जागी जमीन, घर वा काम काय दिले, हा हिशेब कोणी मांडला नाही. कालव्याच्या पाण्याने ज्यांची भरभराट झाली, त्यांच्या शिवाराच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्याकडे मात्र संशयाने पाहिले गेले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची जुनी नजर नव्या नावाने कायम राहिली. जून १९९८ मध्ये बारामतीत पोलीस कोठडीतील मारहाणीने एका पारधी मजुराचा बळी गेल्याचा आरोप झाला आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या मृत्यूवर अहमदाबादच्या छारानगरातील बुधन थिएटरच्या तरुणांनी नाटक केले. हे तरुणही ‘चोरांची वस्ती’ म्हणून हिणवलेल्या वस्तीत वाढलेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा विमुक्तांना सराईत मानणारी कलमेही त्यांत होती. स्वातंत्र्याला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावरही ती कागदावर शिल्लक होती!

मराठी साहित्यात मात्र एक वेगळी गोष्ट घडली. येथे डॉजरनेच लेखणी हाती घेतली. शेजारच्या फलटण तालुक्यातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खिसे कापण्याचे धडे पोरांना कसे दिले जातात, पोलिसांचा मार सोसण्याची सवय त्यांना कशी लावली जाते आणि चोरीच्या मालात कोणाकोणाचा हिस्सा असतो, हे ‘उचल्या’त आतून सांगितलेले आहे. त्यात कोणी गुप्त घराण्याचा वारस निघत नाही. मुलगा वाचतो तो शाळेत गेल्यामुळे आणि गिरणीतील मजुरीमुळे.

डिकन्सच्या कादंबरीत एक लहानसे पात्र आहे, त्याच्याकडे चित्रपटांनी फारसे लक्ष दिले नाही. रुमाल चोरतात डॉजर आणि चार्ली. पकडला जातो धावणारा ऑलिव्हर. सारी गर्दी ‘चोर, चोर’ म्हणत त्याच्यामागे लागते. फँग नावाचा न्यायाधीश काही न ऐकता तीन महिने सक्तमजुरी सुनावतो. तेवढ्यात पुस्तकांच्या दुकानाचा मालक धापा टाकीत आत येतो आणि आपली साक्ष घेतलीच पाहिजे असा आग्रह धरतो. त्याने खरे चोर पाहिलेले असतात. त्याला उशीर होतो, कारण ज्याच्या भरवशावर दुकान टाकून यावे असा माणूसच उरलेला नसतो. सगळे पाठलागात सामील झालेले असतात.

कार्यकर्त्याचे काम या दुकानदाराचे आहे. बाजारात पाकीट मारले गेले आणि पालावरचे पोर उचलले गेले, तर त्या संध्याकाळी ठाण्यावर कोण जाते, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते आणि त्याचे नाव वा छायाचित्र छापता येत नाही. हे कलम तोंडपाठ असणारी दोन माणसे प्रत्येक तालुक्यात हवीत. त्याबरोबर शिधापत्रिका, जातीचा दाखला, घरासाठी जागा आणि शाळेत नाव हे चिवट, कंटाळवाणे काम आहेच. त्यात घोषणा नाहीत आणि हारतुरेही नाहीत. पण एका पोरामागे सगळी गर्दी धावत असताना, आपण पाहिलेले सांगण्यासाठी उलट्या दिशेने धावणारा एक माणूस लागतो. समाजवादाची परीक्षा त्या धावण्यात आहे.