पत्रीची झाडे आणि दसहरीचा मोहोर
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील भाषण)



गणेशचतुर्थी जवळ आली, की लखनौतील आपल्या घराघरांतून पत्रीचा शोध सुरू होतो. महाराष्ट्रात बाजारात जुडीने मिळणारी पत्री येथे रस्त्याच्या कडेला हुडकावी लागते. माळ्याला ‘आघाडा’ म्हटले तर उमगत नाही. ‘लटजीरा’ म्हणताच तो बोट दाखवितो. माक्याला तो भंगरैया म्हणतो, रुईला मदार. नावे निराळी, वनस्पती त्याच. या उपेक्षितांची बाजू आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

प्रारंभी एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी तपासणीच्या आधी कार्यालयाच्या कुंपणाबाहेरचे ‘रान’ उपटून तेथे सिमेंटच्या फरशा बसविण्याच्या आदेशावर माझीच सही होती. काम वेळेत झाले, शेराही उत्तम मिळाला. त्याच भाद्रपदात पत्नीने मला पत्रीसाठी तिकडे पाठविले आणि मी रिकामी पिशवी घेऊन परतलो. हरवली ती केवळ पत्री नव्हे, हे पुढे वाचनातून ध्यानात आले.

रुईची पाने खाऊन एका केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. डोरलीच्या फुलातील पराग सहजासहजी सुटत नाही. भुंगा फुलाला बिलगून आपल्या अंगाचा कंप त्यास देतो, तेव्हाच तो झडतो. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य पोळे न बांधता जमिनीत बीळ करून राहतात. फरशी बसविली, की अन्न आणि घर ही दोन्ही एकदम नाहीशी होतात.

याचे आपणांस काय, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या ताटातच आहे. ज्या दसहरीला काकोरीजवळच्या गावाने नाव दिले आणि मलिहाबादने कीर्ती, तिला स्वतःच्याच जातीचा पराग फारसा मानवत नाही. दुसऱ्या जातीच्या आंब्याचा पराग माश्या व इतर कीटकांनी आणून द्यावा, तेव्हा फळ चांगले धरते. मोहोर टिकतो काही आठवडे. कीटकांना मात्र वर्षभर जगावयाचे असते. उरलेल्या महिन्यांत त्यांना पोसतात ती बांधावरची आणि रस्त्याकडेची रानफुले. मलिहाबादकडे जाणाऱ्या हरदोई मार्गाच्या दोन्ही कडा म्हणूनच कीटकांचे अन्नछत्र होऊ शकतात. ब्रिटनमध्ये 1930 च्या दशकानंतर फुलांची सुमारे 97 टक्के कुरणे नष्ट झाली. आज तेथे रस्त्याच्या कडाच जपण्याची चळवळ चालते.

2012 साली जागतिक वारशात समाविष्ट झालेले साताऱ्याचे कास पठार पाहण्यास आपण सुटी काढून जातो; दारापुढचे फूल मात्र तुडवितो. वास्तविक करावयाचे थोडेच आहे. झाडाच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवावी. गवत सरसकट न कापता, बी पडून गेल्यावर, एकाआड एक पट्ट्याने कापावे. वळणावर वाहनचालकाची दृष्टी अडेल तेथे मात्र ते आखूडच ठेवावे. औषध फवारू नये. गाजरगवत फुलण्यापूर्वीच उपटावे. मोकळे सोडणे म्हणजे बेफिकीर राहणे नव्हे. परदेशी बियाण्यांच्या मागे न लागता येथलेच बी जमवावे. शिकंदरबागेतील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे. वनस्पतींची ओळख पटवून घेण्यास याहून जवळचे गुरुकुल कोठले?

मंडळाने या सुवर्णमहोत्सवी वर्षात एखाद्या रस्त्याची शंभर पावले लांबीची कड, महापालिकेची रीतसर अनुमती घेऊन, सांभाळावी, एवढीच माझी सूचना आहे. अनुमतीचा अर्ज मी लिहून आणला आहे. एका सहीने जे उपटले, ते दुसऱ्या सहीने पुन्हा रुजणार नाही, हे मी जाणतो. त्याला काही पावसाळे लागतील. परंतु येथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी एखाद्या भाद्रपदात आपल्या हातांनी आघाडा खुडावा, आणि तो खुडताना शेजारच्या फुलावरची माशी हाकलू नये, एवढे मला पाहावयाचे आहे.