गोठ्यातली जुनी गाडी

सासऱ्यांच्या वेळची फियाट, नाहीतर ती दोन दारांची हेराल्ड, काहींच्या गोठ्यात कडब्याआड अजून उभी असेल. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. जरा थांबा.

आधी आरसी पुस्तक शोधा. त्यातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. गंज असला तर तेलाच्या फडक्याने हळूच पुसा, पॉलिशपेपर नको. इंजिनाचा नंबर जुळला नाही, तर इंजिन बदललेलं असू शकतं. मग भाव पडतो. दिवे, मीटर, चाकांच्या वाट्या मूळच्या आहेत का बघा, निखळलेले भागही पोत्यात जपा. आणि विकायची म्हणून नवा रंग मारू नका हं! जाणकाराला जुना रंगच हवा असतो, नव्याखाली पुट्टी किती ते कळत नाही.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांची 2021च्या केंद्राच्या नियमाने वेगळी नोंदणी होते. फी 20,000 रुपये. हौशी माणूस ती भरतो.

गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर आरटीओत नमुना 31 भरून आधी वारसाच्या नावावर करा. दीर-भाऊजी घाई करतील, तरी दोन-तीन गिऱ्हाइकांना दाखवा. पैसे खात्यात येईपर्यंत पुस्तक आपल्याच पेटीत ठेवा.