ज्यांना मागता येत नाही



तुमच्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांना १९७२ चा दुष्काळ नव्यानं सांगायला नको. मी त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होतो. विहिरींनी तळ गाठला होता. जनावरं मिळेल त्या भावानं बाजारात गेली होती. गावातली कर्ती माणसं, बायाबापड्यांसकट, खडी फोडायला नि माती उचलायला जात होती. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर राबत होती. घरात परदेशातून आलेला लाल मिलो असायचा. त्याची भाकरी थापताना तुटायची; पण तीही पोटभर मिळाली, तर आम्हा पोरांना दिवाळी वाटायची.

त्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आमच्या शेजारी एक म्हातारी एकटीच राहायची. माझी आजी रोज दिवेलागणीला तिच्याकडे मीठ मागायला जायची. मला याचं नवल वाटे, कारण आमच्या घरात मीठ होतं. एकदा मी विचारलंच, "आजी, आपल्याकडं मीठ असताना तू मागायला का जातेस?" आजी म्हणाली, "ती कुणाकडं मागायची नाही रे. म्हणून मीच मागायला जाते. मागायला आलेल्याला दार उघडावंच लागतं." जाताना आजीच्या पदराखाली अर्धी भाकरी असायची, ती येताना नसायची. "पण ती उपाशी आहे हे तुला कसं कळलं?" मी विचारलं. आजी एवढंच म्हणाली, "मी राहिलेय तशी."

श्रोतेहो, आज मला बोलायचं आहे ते एका जुन्या प्रश्नावर. ज्याच्या वाट्याला फार मोठं दुःख आलं, त्यानं पुढं जगायचं ते कशाच्या आधारावर? प्रश्न मोठा आहे नि मी साधा शाळामास्तर आहे. तत्त्वज्ञान सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचताना मला माझ्या आजीचं ते उत्तर पुन्हा पुन्हा आठवलं. म्हणून त्यांचीच हकिगत आज तुमच्यापुढं ठेवतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईमाणसानं संस्कृत शिकू नये असा तो काळ. पण अनंतशास्त्र्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंनी ते लेकीला शिकवलं. पुढं हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव हिंडू लागलं. मिळेल त्या दक्षिणेवर चूल पेटायची.

अशात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण सांगणाऱ्याला द्यायला लोकांजवळच काही उरलं नाही. जवळचं होतं नव्हतं ते विकून झालं. पंडितांचं घराणं, मोलमजुरीची सवय नाही, आणि भीक मागायची लाज. शेवटचा तांदूळ संपला तेव्हा ही मंडळी रानात शिरली आणि झाडपाल्यावर राहिली. वडील गेले. पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली.

पुढं रमाबाईंनी आपली हकिगत लिहून प्रसिद्ध केली. तीत आईच्या अखेरच्या दिवसांचा एक प्रसंग आहे. आईला बाजरीच्या भाकरीची वासना झाली. रमाबाई एका घरी गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण मागायला तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईनं दया येऊन भाकरी दिली. ती घेऊन त्या आल्या, तुकडा आईच्या तोंडात घातला. पण तो खाण्याइतकं बळ आईला उरलं नव्हतं. आई गेली. स्मशान लांब, खांदा द्यायला पुरेशी माणसं नाहीत. दोन माणसांना दया आली, तिसरा भाऊ नि चौथ्या रमाबाई. उंची कमी, खांद्याला खांदा लागेना, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. पुढं थोरली बहीणही गेली.

मग राहिले दोघं. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हिंदुस्थानभर पायी हिंडली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यात निजली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आता दिवस पालटले असं वाटलं, तर १८८० साली भाऊ वारला. त्याच साली लग्न झालं, दुसऱ्या वर्षी मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ साली नवरा पटकीनं गेला. वय वर्षं तेवीस, आणि पदरात वर्षाच्या आतली लेक. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण कुणाच्या घरी समाचाराला जातो आणि सहज बोलून जातो, "दुःखानं माणूस मोठा होतो." श्रोतेहो, हे खरं नाही. भुकेनं माणूस कठोरही होतो, आपला घास लपवायला शिकतो. दुःखानं खचून गेलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. दुःख कुणाला काही शहाणपण वाटत फिरत नाही. रमाबाईंनी आपल्या दुःखाचं पुढं काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

नवऱ्याच्या मागं त्या पुण्याला आल्या. मग इंग्लंड, अमेरिका असा प्रवास झाला. इंग्लंडात १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ च्या मार्च महिन्यात मुंबईला त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढं ते पुण्याला आणलं. तिथली पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा. तिच्याशीच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. त्याच साली धर्माच्या कारणावरून पुण्यात मोठा वाद झाला, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पुष्कळ मुली सदनातून नेल्या गेल्या. या वादाच्या दोन्ही बाजू इतिहासात लिहिलेल्या आहेत. आज मला त्यापुढचं सांगायचं आहे.

१८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या पुण्याला येत होत्या. रमाबाईंच्या हाताशी पैसा बेताचाच. असलेल्या मुलींचा खर्च कसाबसा भागे. घरी बसून हळहळायला पुरेसं कारण होतं, आणि त्यांना कुणी बोल लावला नसता. पण आपले उपासाचे दिवस त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्या निघाल्या आणि स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या.

तिथं त्यांना काय दिसलं? आईबाप गेलेल्या पोरी. हाडांना कातडी चिकटलेली, अंगावर फोड. आणि अशा पोरींना गोड बोलून पळवणारी, विकणारी माणसंही तिथं टपून होती. सरकारी छावण्या होत्या, धान्य वाटपही होतं. पण तिथं रेटारेटी करून पुढं जाईल, हात पसरून मागेल, त्याच्या पदरात पडायचं. मागं, भिंतीला टेकून गप्प बसलेली पोर कुणाला दिसायची? जी स्वतः कधीकाळी दारात मुकी उभी राहिली होती, तिला दिसायची. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपण म्हणतो ते हेच.

अशा सुमारे ३०० मुली रमाबाईंनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला, नव्या मुली शहरात ठेवता येईनात. पुणे-दौंड रेल्वेवर केडगावला त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तिथं आधी तंबू नि झोपड्या उभ्या राहिल्या. मग विहिरी खोदल्या, फळझाडं लावली, इमारती बांधल्या. तेच मुक्तिसदन. पुढं १८९९-१९०० चा, गुजरातेत छप्पन्नचा म्हणतात तो दुष्काळ आला, आणि तिथूनही मुली आणल्या गेल्या. १९०० च्या सुमाराला केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, यापुढचं तुम्ही मुद्दाम ऐका. या मुली आल्या त्या काही शहाण्या नि कृतज्ञ होऊन आल्या नव्हत्या. अन्न चोरून लपवत, भांडत, अंगाला हात लावू देत नसत. उपदेश त्यांच्या कानांवरून जाई. रमाबाईंनी आधी त्यांना खाऊ घातलं, न्हाऊ घातलं, जखमा धुतल्या. मग हाताला काम दिलं. विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना. अंध बायांना ब्रेल लिपीतून वाचायला शिकवलं. एक मुलगी थोडी सावरली की तिच्या हाती तिच्याहून नवी, तिच्याहून अशक्त पोर सोपवली जाई. आदल्या वर्षी जिला भरवावं लागलं, ती यंदा दुसरीला भरवू लागे. आपलं जगणं कुणाच्या तरी उपयोगी आहे, हे तिला कुणी भाषण करून सांगावं लागत नसे.

मग रमाबाईंना पुढं सुख मिळालं का? तसं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. जिच्यावर साऱ्या कामाची भिस्त होती ती एकुलती लेक मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. एवढं केलं म्हणून दैवानं त्यांना सूट दिली नाही. पण शेवटपर्यंत त्या कामात होत्या. केडगावची संस्था आजही आहे.

आता माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगतो नि आवरतं घेतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. कर्जापायी त्याच्या वडिलांनी जिवाचं बरंवाईट करून घेतलं. तेराव्यानंतर मुलगा शाळेत आला. मी त्याला जवळ बसवून धीर धर, खूप शीक, आईचा आधार हो, असं पुष्कळ बोललो. तो मान हलवायचा. दुपारी खिचडीची ताटली घ्यायचा आणि न खाता ठेवून द्यायचा. मला ते दिसलंसुद्धा नाही, श्रोतेहो. दिसलं ते खिचडी शिजवणाऱ्या मावशींना. त्या स्वतः ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. "बाळा, मला जरा पाण्याची कळशी धरू लाग," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला घेतलं, तिसऱ्या दिवशी वाढायला उभं केलं. वाढणं झाल्यावर आपल्या शेजारी बसवून जेवायला लावलं. आठवड्याभरानं तो पोर बोलायला लागला. आधी त्यांच्याशी, मग माझ्याशी. मावशींनी त्याच्याकडं मदत मागितली होती. माझ्या आजीनं शेजारणीकडं मीठ मागितलं होतं, तसंच.

म्हणून मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. ज्याच्या घरावर आज आभाळ कोसळलं आहे, त्यानं लगेच आयुष्याचा अर्थ शोधायच्या भानगडीत पडू नये. चार घास खावेत, झोप घ्यावी, कुणी दार वाजवलं तर उघडावं. मनात भलते विचार येत असतील तर ते घरच्या कुणाजवळ, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांजवळ बोलून दाखवावेत. त्यात कमीपणा नाही. आईच्या मृत्यूपासून केडगावपर्यंत यायला रमाबाईंना वीसहून अधिक वर्षं लागली. तुम्हालाही वेळ लागेल, तो लागू द्या.

आणि ज्यानं दुःख भोगलं, पण जो आज पायांवर उभा आहे, त्याला माझं सांगणं असं, की तुम्हाला एक नजर मिळालेली आहे. ती कुणी हौसेनं विकत घेत नाही, तुम्ही फार महाग घेतली आहे. ती वाया घालवू नका. तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात, बाजाराच्या दिवशी एस. टी. स्टँडवर कुणी तरी मुकं उभं असेल. बाकीच्यांना ते दिसणार नाही, तुम्हाला दिसेल. त्याला उपदेश करू नका. पदराखाली असेल ते घेऊन जा, आणि हवं तर मीठ मागायच्या निमित्तानं जा.

नमस्कार.